धारवाडला जाऊन आले

आमच्या घरी कुणी काही विसरलं, की आई एकच वाक्य म्हणायची, "तुला धारवाडला पोचवून येऊ काय?"

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. पुण्यात येरवड्याचं नाव घेतात, तसं आमच्याकडं धारवाडचं. तिथलं मनोरुग्णालय १८४५ सालचं. आता ती 'डिमहान्स' नावाची मोठी संस्था झाली आहे, तिथं डॉक्टर शिकतात, मेंदूच्या आजारांवर उपचार होतात. पण आमच्या लहानपणी धारवाड म्हणजे पेढा आणि खुळ्यांचा दवाखाना, एवढंच ठाऊक होतं. पेढा चांगल्या पोरांसाठी आणि दवाखाना माझ्यासाठी.

गेल्या वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी खरंच धारवाडला जाऊन आले. आणि तेही आईला बरोबर घेऊन. त्याचीच ही गोष्ट.

मी कॅम्पातली. सकाळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून बिगुल ऐकू यायचा, तेच आमचं घड्याळ. बाबांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. आई निपाणीची, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असलेल्या माणसाची मुलगी. आजोबांच्या हिशेबात कधी एक पैशाची चूक निघाली नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गंमत अशी, की मीही हिशेबाचंच काम करते. खडेबाजार, गणपत गल्लीतल्या लहान दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरून देते. घरातूनच काम चालतं.

हे काम करणाऱ्यांना महिन्याची २० तारीख कधी येते ते सांगावं लागत नाही. त्या दिवशी '३बी' गेलाच पाहिजे. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचं सगळं काम मी १९ तारखेलाच करून ठेवलं. आकडे जुळले, चलन भरलं. शेवटचा ओटीपी तेवढा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर यायचा होता. मी फोन लावला, ते म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, दोन मिनिटांत सांगतो." त्या दोन मिनिटांत खाली गॅसवाला आला. गॅस घेतला. सुट्टे पैसे शोधताना कपाटात जुने फोटो सापडले. ते बघत बसले. मग मुलगी शाळेतून आली. अकरा दिवसांनी गिऱ्हाइकाचाच फोन आला, की रिटर्न गेलेलाच नाही. दिवसाला ५० रुपये लेट फी, म्हणजे साडेपाचशे रुपये. ते मी माझ्या खिशातून भरले. पैशाचं काही नव्हतं. पण ते भले गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमचं काम एकदम नीट असतंय, मग शेवटी असं का होतंय?"

हा प्रश्न मला पहिलीपासून विचारला जातोय. मी स्वतःलाही तो रोज विचारत होते. दर सोमवारी नवी वही, नवी यादी, नवा निश्चय. गुरुवारपर्यंत वहीच सापडायची नाही.

तरीही डॉक्टरकडं जायचं माझ्या मनात आलं नव्हतं. ते आणलं माझ्या लेकीनं. तिच्या वर्गाची सहल होती. फॉर्म आणि पैसे दोन्ही आठवडाभर माझ्या पर्समध्ये होते. शेवटची तारीख गेली. बाईंनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "चूक माझीच आहे. आईला रात्री आठवण करायची असते, मी एक दिवस झोपले." बाईंनी हे मला अगदी हसत, कौतुकानं सांगितलं. नऊ वर्षांची पोर रोज रात्री आईची आठवण होऊन जागी राहते, हे ऐकून मला हसू आलं नाही.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीच्या मुलाला त्याच सुमारास एडीएचडी असल्याचं निदान झालं होतं. मराठीत याला अवधान कमतरता म्हणतात. मी तिला सहलीचं सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं मला मोठ्या माणसांसाठीची एक प्रश्नावली पाठवली. जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञांबरोबर तयार केलेली, अठरा प्रश्नांची. त्यातले पहिले सहा चाळणीचे. अवघड भाग संपल्यावर कामाचा शेवटचा टप्पा पुरा करायला जमतं का, ठरलेल्या भेटी लक्षात राहतात का, डोकं लावायचं काम पुढं ढकलता का, असं काय काय. वाचताना वाटलं, कुणीतरी आमच्या खिडकीतून वर्षभर आत डोकावून बघितलंय.

मंडळी, इथं एक गोष्ट आवर्जून सांगते. मोबाइलवरची प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. झोप पुरी नसली, थायरॉइड बिघडलं, रक्त कमी असलं, मनात चिंता किंवा नैराश्य असलं, तरी माणूस असाच विसरतो. आणि रीलं बघून तर आजकाल निम्म्या गावाला आपल्याला एडीएचडी आहे असं वाटतंय. मलाही माझाच संशय येत होता, की आपण आळसाला इंग्रजी नाव शोधतोय.

पहिल्यांदा मी एका खासगी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही बीकॉम झालात, काम करता, संसार करता. हा लहान मुलांचा आजार आहे. ताण कमी करा, योगा करा." मी फी देऊन बाहेर आले आणि छत्री तिथंच विसरले. परत आत जायची लाज वाटली. पावसात भिजत घरी आले.

खरं म्हणजे मोठ्या माणसांना हे असतंच नाही, ही समजूत फार काळ डॉक्टरांतही होती. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हापासून हा विषय मुलांभोवतीच फिरत राहिला. त्यातही वर्गात उड्या मारणारा, बाकावरून पडणारा मुलगा आधी नजरेत येतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाच्या नजरेत येत नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपले निकष बदलले. सतरा वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली. मात्र त्यातली काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असायला हवीत आणि ती घर, काम, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, ही अट ठेवली.

ही बारा वर्षांची अटच मला पुढं भारी पडणार होती.

मावसबहीण म्हणाली, "मोठ्या संस्थेत जा." बेळगावहून मोठी आणि जवळची म्हणजे धारवाड. मी कुणाला न सांगता एकटीच गेले. बस कित्तूरवरून जाते, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. संस्था धारवाडात शिरताना बेळगाव रोडवरच आहे. फाटकाशी उतरले तेव्हा हातपाय गार पडले होते. आत गेल्यावर दिसली ती कुठल्याही सरकारी दवाखान्यात दिसतात तशीच माणसं. डबा घेऊन आलेली म्हातारी, झोपलेलं बाळ, परीक्षेच्या काळजीनं आलेली कॉलेजची पोरं. लहानपणापासून ज्याची भीती घातली होती, ते ठिकाण म्हणजे बाकावर बसून नंबराची वाट बघणारी माणसं, एवढंच होतं.

डॉक्टर तरुण होते. कन्नड आणि हिंदीत बोलले. झोप, घर, काम, मन, सगळं विचारलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "पुढच्या वेळी शाळेची प्रगतिपुस्तकं आणा. आणि तुम्हाला लहानपणी बघितलेलं कुणीतरी घेऊन या. आई आहेत ना?"

मला वाटलं, संपलं. आईला सांगायचं म्हणजे काय!

तरी सांगितलं. भांडी घासता घासता, तिच्याकडं न बघता. आई आधी काहीच बोलली नाही. मग नळ बंद करून म्हणाली, "म्हणजे मी तुला नीट वाढवलं नाही, असं मी तिथं येऊन सांगायचं काय?"

"तसं नाही गं."

"मग कसं? चार माणसांत धारवाडला गेली म्हणून कळलं तर? उद्या तुझ्या पोरीचं लग्न व्हायचंय."

"ती नऊ वर्षांची आहे, आई."

"नऊची एकोणीस व्हायला किती वेळ लागतोय!"

त्या दिवशी विषय तिथंच राहिला. मी सहलीची गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. पण लेकीनं आजीला सांगितली असावी. तीन आठवड्यांनी एका सकाळी साडेसहाला आई दारात उभी. इस्त्रीचं लुगडं, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "चल, सातची गाडी मिळेल."

पिशवीत माझी प्रगतिपुस्तकं होती, पहिलीपासून सातवीपर्यंतची. मला वाटत होतं ती कधीच रद्दीत गेली. तिनं ती पत्र्याच्या ट्रंकेत, नेसायच्या चांगल्या साड्यांखाली ठेवली होती. बसमध्ये मी एकेक उघडून बघत गेले. 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' 'वर्गात असूनही वर्गात नसते.' 'गृहपाठ करते, पण आणायला विसरते.' सात वर्षं, वेगवेगळ्या बाई, वेगवेगळी अक्षरं आणि मजकूर एकच. एका वर्षी तर गणितात वर्गात पहिली आणि त्याच पानावर खाली लाल शाईत, 'दप्तर शाळेत विसरून घरी जाते.'

डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी कशी होती?" आईचं बाजारातलं कन्नड मी आयुष्यभर ऐकलंय, भाजीचा भाव करण्यापुरतं. त्या दिवशी ती त्याच कन्नडमध्ये अर्धा तास बोलली. सुरुवात केली ती अशी, "हुडुगी शाण्याकी अदाळ्री." म्हणजे, पोरगी शहाणी आहे हो. मी मान खाली घातली. हे वाक्य तिनं मराठीत मला कधी म्हटलं नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. एका वर्षात हरवलेले डबे, रेनकोट, एका पायातली चप्पल. दुधाला पाठवलं की किटली घेऊन तासाभरानं रिकामी परत यायचे ते. शेवटी ती मला जाताना काय आणायचं ते तीनदा म्हणायला लावायची ते. आणि मग ती त्या दिवसावर आली.

मी दहा वर्षांची होते. धाकट्या भावाला बालवाडीतून आणायचं काम माझ्याकडं होतं. वाटेत मैदानावर मिलिटरी बँडचा सराव चालला होता. मी बघत उभी राहिले. बँड संपल्यावर सरळ घरी गेले, एकटीच. भाऊ दिवेलागणीपर्यंत बालवाडीच्या पायरीवर बसून होता. त्या रात्री आईनं मला लाटण्यानं मारलं. आमच्या घरात ही गोष्ट सत्तावीस वर्षं सांगितली जाते, लग्नकार्यात, हसायला म्हणून. मीही हसते. पण प्रत्येक वेळी पोटात तीच पायरी दिसते आणि तिच्यावर बसलेला चार वर्षांचा तो.

डॉक्टरांपुढं आई हसली नाही. म्हणाली, "मी मारत होते, तर ही स्वतःसाठी रडत नव्हती. त्यालाच विचारत होती, तुला भूक लागली होती काय रे. तेव्हाच मला कळलं होतं, हिच्या मनात खोट नाही. मग काय आहे, ते सांगणारं कोण नव्हतं. मला मारणं तेवढं येत होतं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. आईला पाणी दिलं. म्हणाले, "अम्मा, तुम्ही यादी तीनदा म्हणायला लावत होता ना? आम्हीसुद्धा तसंच काहीतरी शिकवतो. तुम्ही औषधाआधीचं औषध देत होता."

आणखी एका भेटीनंतर निदान लेखी मिळालं. एडीएचडी, त्यातही अवधानाचा भाग जास्त असलेला प्रकार. डॉक्टरांनी समजावलं ते असं. लक्षच नसतं, असं नाही. लक्ष कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, याचा लगाम ढिला असतो. म्हणून मी जुळत नसलेल्या हिशेबात चार तास जेवण विसरून बसू शकते आणि दोन मिनिटांचा ओटीपी मात्र निसटतो.

त्यांनी घरात आणखी कुणी असं होतं का, असंही विचारलं होतं. हे पुष्कळ अंशी रक्तातून येतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या या फरकाचा ७० ते ८० टक्के वाटा अनुवंशाचा मानतात. आई तेव्हा "तसं कोण नाही" म्हणाली होती. परतीच्या बसमध्ये कित्तूर गेल्यावर, खिडकीबाहेर बघत, ती एकदम म्हणाली, "तुझे बाबा बी असेच होते न्हवं?"

मी काही बोलले नाही. बाबांचं दुकान माझ्या डोळ्यांसमोर आलं. फळ्यांवर उघडे पडलेले रेडिओ, प्रत्येकात दोष सापडलेला, प्रत्येकात एक शेवटचा स्क्रू लावायचा राहिलेला. कुणाला न जमणारा सेट ते दुरुस्त करायचे आणि सोपा सेट तीन महिने पडून राहायचा. गिऱ्हाइकं चिडायची, मग यायची बंद झाली. दुकान गेलं. ते स्वतःला 'वेंधळा माणूस' म्हणायचे, हसत. २०११ साली ते गेले, तेव्हाही तसंच समजून गेले.

"मी त्यांना आयुष्यभर बोल लावला," आई म्हणाली. नंतर बेळगाव येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. उतरताना तिनं माझी छत्री माझ्या हातात दिली.

पुढं काय, असं विचाराल तर जादू झालेली नाही. या आजारावर मुख्यतः दोन जातीची औषधं आहेत. एक उत्तेजक, मिथाइलफेनिडेट. आपल्याकडं ते 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं, म्हणून दोन प्रतींत चिठ्ठी लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि ते सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दुसरं ॲटॉमॉक्सेटीन, उत्तेजक नसलेलं, ज्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. मला डॉक्टरांनी दुसरं दिलं. पहिले पंधरा दिवस मळमळ झाली, भूक गेली. महिन्या-दीड महिन्यानं एक दिवस लक्षात आलं, की मी चहाचा कप उचलला, चहा प्यायले आणि कप धुऊन ठेवला. मध्ये कुठंही गेले नाही. तुम्हाला यात काय विशेष, असं वाटेल. मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

बाकीचं काम सवयींचं आहे. ओटीपी मागितला, की तो येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, गॅसवाला थांबेल. लेकीच्या शाळेचा कागद पर्समध्ये टाकायचा नाही, आल्या पावली दारात सही करून तिच्या दप्तरात परत ठेवायचा. आणि लेकीला मी सांगितलंय, की आईची आठवण ठेवायचं काम आता तिचं नाही. त्यासाठी मोबाइल आहे, फळा आहे, आजी आहे. तिनं विचारलं, "मग मी झोपू?" म्हटलं, झोप बाई.

आपल्या मंडळाच्या तरुण वाचकांना तीन गोष्टी सांगते. स्वतःवर शिक्का मारून घेण्याआधी मनोविकारतज्ज्ञांकडं जा, आणि एकानं झटकून टाकलं तर दुसऱ्याकडं जा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि तुम्हाला लहानपणी ओळखणारं माणूस बरोबर घ्या. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

आणि घरातल्या मोठ्यांना आरोपी करून नेऊ नका, साक्षीदार म्हणून न्या. मी इतकी वर्षं समजत होते, की आईकडं माझ्या चुकांची यादी आहे. होतीच. पण ती तिनं चांगल्या साड्यांखाली जपून ठेवली होती.

परवा आईनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, "धारवाडला कधी जायचंय गं? तारीख लिहिलीस काय?"

मी लिहिली नव्हती. तिनं लिहिली होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, लाल पेनानं, दोनदा गोल करून.